रांगेतला शेवटचा घोडा

घोड्यांवरून लॉडविक पॉइंटला जायचं, असं नारायणने सकाळच्या चहाला जाहीर केलं, आणि त्याचे वडील अण्णा बंगल्यावरच थांबणार हे सगळ्यांनी न विचारता धरून टाकलं. सुनेने, चारुलतेने, त्यांच्यासाठी दोन थालीपिठं वेगळी झाकूनही ठेवली. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "मीही येईन म्हणतो."

नऊ वर्षांची नात विनोदिनी, म्हणजे विनू, खुदकन हसली. "आजोबा, तुम्ही? घोड्यावर?"

"घोड्याची हरकत नसेल तर माझी नाही," अण्णा म्हणाले, आणि आपण हे काय बोलून बसलो म्हणून बशीतला चहा उगाच फुंकत राहिले.

अण्णा जन्मात कुठल्या जनावरावर बसले नव्हते. सांगलीच्या एका वाचनालयात त्यांनी सारी नोकरी काढली. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला शिडी लावावी लागे, आणि त्या शिडीवर चार पायऱ्या चढल्या की ते पुस्तक विसरून दोन्ही हातांनी शिडीच धरून ठेवत. असा माणूस घोड्यावर बसायला निघाला त्याला कारण होतं. जुन्या मासिकांतल्या चित्रांत त्यांनी पाहिलं होतं, दोन स्वार शेजारी शेजारी घोडे चालवत बोलत चालले आहेत. दोघांची नजर समोरच्या वाटेवर. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं कामच नाही. अण्णांना वाटलं, असं असेल तर आपल्याला नारायणशी बोलता येईल. समोरासमोर बसून ते महाबळेश्वरच्या साऱ्या मुक्कामात जमलं नव्हतं, आणि उद्या सकाळी मुक्काम हलायचा होता. मोटारीने वाठार स्टेशनपर्यंत सगळे बरोबर, तिथून नारायणची गाडी पुण्याला आणि अण्णांची मिरजेकडे.

बोलायचं होतं ते एवढंच, की मलाही जबलपूरला घेऊन चला.

नारायण पुण्याला मिलिटरी अकौंट्समध्ये होता. लढाई संपली तशा त्या खात्यात बदल्या निघू लागल्या, आणि त्याला जूनमध्ये जबलपूरला हजर व्हायचा हुकूम आला. मुलगा पुण्यात आहे तोवर अण्णांना सांगलीत एकटं वाटलं तरी ते सोसण्यासारखं होतं. वाटलं तर गाडीत बसावं, संध्याकाळपर्यंत पोचावं. जबलपूर मात्र त्यांनी नकाशात बोट फिरवून शोधलं, आणि सापडल्यावर बोट बराच वेळ तिथंच ठेवलं.

त्यांची पत्नी वेणूताई गेल्या आश्विनात वारली. तेव्हापासून गावभागातल्या दोन भाड्याच्या खोल्यांत अण्णा एकटे राहत होते. संध्याकाळी कंदील लावायचा, पुस्तक उघडायचं, आणि एखादी ओळ फार आवडली की मान वर करून "हे ऐकलंस का" म्हणायचं. म्हणून झाल्यावर मग आठवायचं.

वेणूताई गेली त्यात आणखी एक गोष्ट गेली, ती लोकांच्या लक्षात आली नाही. बापलेकांचं सारं बोलणं तिच्यामार्फत चाले. "त्याला म्हणावं, केस वाढलेत." "अण्णांना सांग, उद्या फी भरायची आहे." तिघं एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण वाक्य आधी तिच्याकडे जायचं आणि मग पुढं. यात भांडणतंटा काही नव्हता. अण्णांचं त्यांच्या वडिलांशीही असंच होतं. वडिलांशी तोंडाला तोंड देऊन बोलणं बरं दिसत नाही, एवढीच समजूत. आता कृष्णेवरची होडी वाहून जावी आणि दोन तीरांवर दोन माणसं उभी राहावीत, तसे दोघे उभे होते. नदी काही फार रुंद नव्हती. पण पोहायची कुणालाच सवय नव्हती.

तसं नारायणने विचारलं नव्हतं असं नाही. पाडव्याला तो आणि चारुलता सांगलीला आली होती. पंगतीत वाढताना चारुलता म्हणाली, "मामंजी, हे विचारतायत, तुम्हीही आमच्याबरोबर जबलपूरला येता का?" आणि अण्णा म्हणाले, "छे, मला कशाला? माझं इथं बरं आहे." पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट दिसतो. दुसऱ्यांदा विचारल्यावर आढेवेढे घ्यायचे, तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, तुमचा एवढा आग्रह आहे तर. अण्णा दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत भात कालवत राहिले. चारुलतेने वरण वाढलं, तूप वाढलं आणि ती आत गेली.

तिचा दोष नव्हता, नारायणचाही नव्हता. त्या घरात आग्रह करायचा नाही हा नियम खुद्द अण्णांचाच. नारायण लहान असताना कुणा पाहुण्याला जिलब्यांचा इतका आग्रह झाला, की तो बिचारा रात्रभर कण्हत पडला. तेव्हा अण्णांनी घरात सांगून टाकलं, या घरात माणसाने नको म्हटलं की नको, पुन्हा विचारायचं नाही. नारायणने हे मनापासून घेतलं. बापाचं दुसरं काही त्याने इतकं घेतलं असेल असं अण्णांना वाटत नव्हतं.

घोडेवाला केरबा चार तट्टं घेऊन बंगल्याच्या फाटकाशी आला तेव्हा ऊन नुकतं झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं. अंगात पलटणीची खाकी विजार, वर मळका फेटा. लढाईत तो खेचरांच्या कंपनीत होता, आणि तिथली हिंदी अजून त्याच्या तोंडात होती. ती तो फक्त जनावरांशी बोले.

"ही चिमणी. ही म्होरं," केरबा एकेकाच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "हिच्यावर बेबी बसंल, लगाम माझ्या हातात. ह्यो फौजदार, सायबास्नी. ही जर्मनबाय, बाईसायबास्नी."

"जर्मनबाई?" घोड्यावर बसायचं म्हणून मुद्दाम नऊवारी नेसून आलेली चारुलता दोन पावलं मागं सरकली.

"नुसतं नाव वो. लढाईच्या वक्ताला जनमली म्हणून. आता लय नरम पडलीया, भिऊ नगा."

"आणि मला?" अण्णांनी विचारलं.

केरबा जरा घुटमळला. "तुमास्नी... पेन्शनर."

विनू तोंडावर हात ठेवून हसली. नारायणने घाईघाईने फाटकाकडे पाहिलं.

"आवं आजोबा, मनाला लावून घेऊ नगा. तुमाला बघून न्हाई ठेवलं. त्येचं नाव आदीपासनंच हाय."

पेन्शनर पांढुरका होता, म्हणजे मुळात पांढरा असावा. खालचा ओठ लोंबत होता, आणि तो अण्णांकडे अशा नजरेने बघत होता की अण्णांनाच जरा अवघडल्यासारखं झालं. ते केरबाजवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, "मी जरा पुढं राहिलो तर? या फौजदाराच्या शेजारी?"

"शेजारी?" केरबाचा आवाज हळू नव्हता. "आवं, ही काय कवायत हाय व्हय? वाट हितनं पार तितपत्तूर एका घोड्याची. आन् पेन्शनर फौजदाराच्या अंगाला गेला की फौजदार लाथ घालतो. लय जुनं वैर हाय दोघांचं. मदी जर्मनबाय लागतीच."

म्हणजे रांग अशी ठरली. केरबाच्या हातातली चिमणी आणि तिच्यावर विनू, मग नारायण, मग चारुलता, आणि सगळ्यांच्या मागं अण्णा. त्यांनी एका दगडावर चढून, धोतराचा काचा दोनदा खोवून, केरबाच्या खांद्याला मिठी मारत एकदाचं खोगीर गाठलं. जमीन आपल्याला वाटत होती त्याहून फारच खाली आहे असं त्यांना दिसलं.

वाट लगेचच झाडीत शिरली. जांभळाची, हिरड्याची गच्च झाडं, खाली तांबडा फुफाटा. पुढच्या घोड्यांच्या टापांनी तो उडायचा आणि सगळा शेवटच्या माणसाच्या वाट्याला यायचा. अण्णांना चारुलतेची पाठ दिसत होती, तिच्या पलीकडे नारायणची टोपी. मनात घोकून ठेवलेलं वाक्य त्यांनी एकदा पुन्हा म्हणून पाहिलं. ते बरोबर होतं. फक्त ज्याला म्हणायचं तो फार पुढं होता.

थोडं गेल्यावर पुढून आवाज आला, "अगं, अण्णांना विचार, ऊन लागत नाही ना?"

चारुलता खोगिरात वळली. "मामंजी, हे विचारतायत, ऊन लागतंय का?"

"सांग, नाही लागत."

"नाही लागत म्हणतात."

थोड्या वेळाने पुन्हा. "अण्णांना म्हणावं, फांदी आहे, डोकं सांभाळा."

"मामंजी, फांदी—"

फांदी तोवर अण्णांना लागून गेली होती. त्यांना वाटलं, हेही चालेल. होडी नाही तर भोपळ्यांच्या सांगडीवरून जाऊ. ते म्हणाले, "चारू, त्याला विचार, जबलपूरला हवा कशी असते?"

प्रश्न पुढं गेला. उत्तर आलं. "उन्हाळा कडक आहे म्हणतात. पण थंडी छान."

"जागा बरी आहे का, विचार."

"दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मामंजी."

"हवेशीर?"

"हो. पुढं पडवी आहे."

पडवी. अण्णांच्या डोळ्यांपुढं पडवीत टाकलेली एक खाट उभी राहिली, उशाशी पुस्तकं, बाहेर विनूचा आवाज. त्यांनी लगाम घट्ट धरला. आता पुढचा प्रश्न तिकडूनच यावा. पडवीत एक माणूस सहज मावेल, एवढं कुणाच्याही लक्षात यावं.

पुढून नारायण काहीतरी बोलला. चारुलता जरा थांबून वळली. "मामंजी, हे म्हणतायत, तुमच्या दोन्ही वेळच्या जेवणाचं शेजारच्या रंगुबाईंना सांगून ठेवलंय. त्या येऊन करून जातील. तुम्ही काळजी करू नका."

"बरं," अण्णा म्हणाले. "छान झालं."

एवढा वेळ हे ऐकत चाललेला केरबा पुढूनच ओरडला, "आवं सायेब, ह्ये काय तारायंत्र चालवलंय? म्हातारबाबांचं कान बी शाबूत हायती आन् तुमचं बी. हाळी मारली तर दरी पार करून जाईल!"

नारायणने टोपी पुढं ओढली. चारुलतेने पदर सारखा केला. त्यानंतर पॉइंट येईपर्यंत तारायंत्रही बंद पडलं.

पॉइंटच्या अलीकडे डोंगराची सोंड निमुळती होत गेली. केरबाने घोडी एका ओळीत झाडांना बांधली, चिमणी सर्वात पुढं, पेन्शनर सर्वात मागं. विनूला करवंदांच्या जाळ्या दिसल्या, ती चारुलतेचा हात ओढत तिकडे गेली, आणि कुठल्या जाळीची गोड ते आपल्याला एकट्यालाच ठाऊक असल्यासारखा केरबाही मागोमाग गेला. त्याने दाखवलेली आंबट निघाली हे विनूच्या किंकाळीवरून कळलं.

अण्णा आणि नारायण पुढं टोकाकडे गेले. तिथल्या लॉडविकसाहेबाच्या स्मारकस्तंभाच्या कठड्याशी दोघं उभे राहिले. खाली कोकण धुरकटलेलं, समोर प्रतापगड. दोघांची नजर समोर, अगदी चित्रातल्यासारखी. बोलायला याहून बरी जागा मिळणार नव्हती.

"गड स्पष्ट दिसतोय," अण्णा म्हणाले.

"हो. पावसाळ्यात दिसत नसेल."

"नसेल."

वारा धोतराला फडफडवत होता. नारायणने घसा साफ केला. "अण्णा—"

"काय रे?"

नारायण कठड्यावरची माती नखाने खरवडत राहिला. "छत्री आणायला हवी होती. परत जाताना ऊन होईल."

"हो. आणायला हवी होती."

अण्णांनी मनातलं वाक्य जिभेपर्यंत आणलं. तेवढ्यात त्यांना वाटलं, हा काय उत्तर देईल? हो म्हणाला तर मनापासून म्हणाला की भिडेने, हे कसं कळणार? मुलगा भिडेने हो म्हणाला आणि मग जबलपूरच्या पडवीत आपण जन्मभर ती भीड उशाशी घेऊन झोपलो तर? असा विचार त्यांनी दोन्ही बाजूंनी करून पाहिला, तोवर करवंदांनी भरलेला पदर सावरत चारुलता आली, विनूची बोटं जांभळी झालेली होती, आणि केरबा "चला, चला, तोबऱ्याचा वकुत झाला" करत सगळ्यांना हाकू लागला.

परतीच्या वेळी घोळ झाला तो केरबाच्या लक्षात यायला हवा होता. घोडी एकामागं एक बांधलेली, वाट अरुंद. माघारी तोंड केलं की जो शेवटी तोच पहिला. त्याने अण्णांना आधी चढवलं, मग चारुलतेला, मग नारायणला, आणि मग चिमणीचा पट्टा ढिला झाला म्हणून तो आवळायला पार तिकडच्या टोकाला गेला. पेन्शनरच्या पुढं आता कुणी नव्हतं. नुसती वाट, आणि वाटेच्या शेवटी चंदीचा तोबरा. त्याने एकदा कान हलवले आणि तो निघाला.

आधी अण्णांना वाटलं, निघायचीच वेळ झाली असावी. मग चाल दुडकी झाली. मग खोगीर खालून ठोसे मारू लागलं. मागून केरबाची आरोळी आली, "रुक जाव! ए पेन्शनर, रुक जाव!" पण घोडा पलटणीत नसावा. अण्णांची टोपी उडाली. झाडं दोन्ही बाजूंनी पळू लागली. अण्णांनी लगाम सोडून दिला आणि दोन्ही हातांनी आयाळ धरली. तेवढ्यातही त्यांच्या मनात आलं, की आपण सगळ्यांना सोडून एकटेच पुढं चाललोय, आणि एकटं असणं आपल्याला नवीन नाही.

मागून टापा ऐकू आल्या. नारायणने जर्मनबाईला ओलांडून, काट्यांतून, फौजदाराला पुढं काढलं होतं.

"अण्णा! लगाम ओढा! लगाम!"

त्याने बापाला हुकूम सोडल्याची ही पहिलीच वेळ. अण्णांनी आयाळ सोडून लगाम शोधला, पण तो सापडेपर्यंत घोडा आपणच थांबला. वाटेकडेला एका दगडी कुंडीत झऱ्याचं पाणी साठत होतं. पेन्शनरने त्यात तोंड खुपसलं. फौजदार आला, शेजारी उभा राहिला, त्यानेही तोंड खुपसलं. लाथ नाही, काही नाही. जुनं वैर केरबाने आपल्या मनाने जुळवलं असावं.

"लागलं का कुठं?" नारायणला धाप लागली होती.

"नाही. टोपी पडली."

"टोपी चारू आणील."

मागच्या वळणापलीकडून केरबाचे आणि विनूचे आवाज लांबून येत होते. घोडी पाणी पीत होती. दोघं शेजारी शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतके. टोपीबरोबर अण्णांच्या मनातलं घोकलेलं वाक्यही वाटेत कुठंतरी पडून गेलं होतं. दुसरंच बाहेर आलं.

"नारायण, मला सांगलीला परत जायचं नाही."

घोड्याच्या कानांकडे बघून ते बोलले. नारायणने मान वळवली नाही.

"मला तिथं राहवत नाही रे. मलाही न्या तुमच्याबरोबर."

"पण तुम्ही नको म्हणालात, अण्णा. पाडव्याला."

"म्हणालो. एकदा विचारल्यावर लगेच हो कसं म्हणायचं?"

"आपल्याकडे दुसऱ्यांदा विचारत नाहीत ना." नारायणच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते अण्णांना लागलं. त्याने लगामाची वादी बोटाला गुंडाळली. मग अडखळत म्हणाला, "चारूच्या आई येतायत आमच्याबरोबर. वाईला एकट्याच असतात, दुसरं मूलबाळ नाही. तुम्ही नको म्हणालात, मग त्यांना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या. उद्या वाईच्या स्टँडवर ट्रंक घेऊन उभ्या राहतील. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. इथं आल्यापासून सांगेन सांगेन म्हणतोय. बाप सांगलीत आणि सासू घरात, तुम्हाला काय वाटेल... आज घोड्यांवर बरोबर असू, तेव्हा बोलता येईल म्हणून तर मी हे घोड्यांचं काढलं."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. मुलाचे कानशिलापाशी केस पांढरे झाले होते. ते कधी झाले?

दोन खोल्या आणि एक पडवी. विहीणबाई अजून त्यांच्यापुढं पदर डोक्यावर घेऊन, दाराआडून बोलत. त्या स्वयंपाकघरात कोंडून घेणार आणि आपण पडवीत खाकरत बसणार, आणि मधल्या खोलीतून चारुलतेने दोघांना सांभाळत फिरायचं. व्याही आणि विहीण एका छपराखाली, तेही दोन खोल्यांत. असं कुणी राहिलेलं अण्णांनी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. नारायणला हे समजावून सांगावं लागलं नाही, आणि अण्णांनाही विचारावं लागलं नाही.

"तुम्ही म्हणत असाल तर," नारायण सावकाश म्हणाला, "मी त्यांना उद्या सांगतो. काहीतरी कारण काढतो. तुम्ही चला."

"नको," अण्णा म्हणाले.

हे नको खरं होतं. स्टँडवर ट्रंकेशी उभी असलेली ती बाई त्यांना दिसत होती. तिला कुणी विचारलं आणि तिने सरळ हो म्हटलं, एवढंच तिने केलं होतं. मुलाने आता पुन्हा विचारू नये, असं त्यांना वाटलं. पुन्हा विचारलं असतं तर ते आपल्या नकोवर टिकले नसते.

नारायणने पुन्हा विचारलं नाही.

फौजदाराने पाण्यातून तोंड काढलं, त्याच्या ओठांवरून थेंब ठिबकत राहिले. चारुलतेचा आवाज जवळ येत होता. अण्णांना वाटलं, आता ती आली की वाक्यं पुन्हा तिच्या वाटेने जायला लागतील, आणि उद्या वाठार येईल.

"तुझी रजा केव्हापर्यंत आहे?"

"सोमवारी हजर व्हायचंय. का?"

"मग उद्या माझ्याबरोबर सांगलीला ये. चारू आणि विनू वाईला उतरू देत, आईला मदत होईल. तू दोन दिवस माझ्याकडे राहा. मग जा." दम घेऊन त्यांनी आणखी म्हटलं, "हे मी विचारत नाही. ये."

नारायण गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. "चारूला विचा—" म्हणाला आणि थांबला. "येतो," तो म्हणाला.

"मामंजी, ही टोपी!" जर्मनबाई वळणावरून आली. चारुलतेच्या तोंडावर, पापण्यांवर तांबडी धूळ बसलेली. "फार घाबरवलंत हो. कुठं लागलं नाही ना?"

मागून केरबा धावत आला आणि आधी पेन्शनरला, मग नशिबाला, मग महाबळेश्वरच्या डासांनाही शिव्या देऊन त्याने लगाम हातात घेतला. "म्हातारपणी ह्यो चळ! आजोबा, तुमास्नी न्हाई, घोड्याला म्हणतूया."

पुन्हा रांग लावली. पेन्शनर मागं गेला. वाट तीच, फुफाटा तोच, पण आता उताराची असल्याने घोडी भरभर चालत होती. दोन दिवस, अण्णा मनाशी म्हणत होते. वाठारपासून मिरजेपर्यंत गाडीत समोरासमोर बसायचं. मग घरी. मग दोन संध्याकाळी. एवढ्या वेळात बोलायचं काय, असा प्रश्न त्यांना पडला, आणि जसा पडला तसा तो मोठा होत गेला. नारायण कचेरीत नेमकं काय करतो ते त्यांना माहीत नव्हतं. त्याला कुठली भाजी आवडते ते वेणूताईला माहीत होतं. त्याने लहानपणी त्यांच्या वाचनालयातून नेलेली पुस्तकं आठवत होती, पण ती आवडली की नाही हे कधी विचारलं नव्हतं. तिथून सुरुवात करता येईल. पण ती सगळी नावं सांगून संपली म्हणजे? आणि दोन दिवसांनी त्याला स्टेशनावर पोचवून परत येताना गावभागाच्या बोळात शिरायचं, कुलूप काढायचं, ते तर होतंच. तो विचार त्यांनी सध्या बाजूला ठेवला.

बाजाराचे पत्रे झाडीतून दिसू लागले. अण्णा खोगिरावर ताठ बसायचा प्रयत्न करत होते, आणि गाडीतलं पहिलं वाक्य काय असावं ते शोधत होते. ते काही त्यांना सापडेना.